मारिया कॅलास : प्रेमकथेखाली गाडली गेलेली गायिका

१/
पाब्लो लाराईनच्या ‘मारिया’ (२०२४) या चित्रपटाचा आरंभ मृत्यूने होतो. पॅरिस, १६ सप्टेंबर १९७७. अव्हेन्यू जॉर्ज मांदेलवरील आपल्या घरात ५३ वर्षांची मारिया कॅलास मरण पावली आहे. तेथून कथानक एक आठवडा मागे जाते आणि गोळ्या, भास व आठवणी यांच्या धूसर प्रकाशात तिचे आयुष्य उलगडू लागते. चित्रपटकाराला अशी निवड करण्याची पूर्ण मुभा आहे. आक्षेप निराळा आहे. गेल्या जवळजवळ पन्नास वर्षांत कॅलासविषयी सामान्य वाचकापर्यंत जे पोहोचले, त्यातील बहुतेकाने हाच क्रम स्वीकारला : आधी शेवट, आणि मग त्या शेवटाला शोभेल असे आयुष्य.

२/
कथा सर्वांना तोंडपाठ आहे. लठ्ठ, जाड भिंगांचा चष्मा लावणारी, आईच्या मायेला पारखी झालेली मुलगी, असामान्य गळा, एकाएकी झालेले रूपांतर, तापट स्वभाव, मग जहाजसम्राट ॲरिस्टॉटल ओनासिस, प्रेमासाठी कलेचा त्याग, १९६८ मध्ये ओनासिसने जॅकलिन केनेडीशी केलेला विवाह, हरपलेला आवाज, एकाकी मृत्यू. गायिका ग्रीक असल्यामुळे ‘ग्रीक शोकांतिका’ हा शब्दप्रयोगही आयताच हाताशी येतो. कथा सुबक आहे यात शंका नाही. पण ती तारखांच्या शेजारी ठेवली की तिचे टाके उसवू लागतात.

३/
तारखाच पाहाव्यात. विद्यार्थिनी म्हणून कॅलासने अथेन्समध्ये पहिली संपूर्ण भूमिका केली ती १९३९ मध्ये. व्हेरोनाच्या प्राचीन रिंगणात तिने इटलीतील पदार्पण केले १९४७ मध्ये. मिलानच्या ला स्कालामध्ये हंगामाच्या उद्घाटनाचा मान तिला मिळाला ७ डिसेंबर १९५१ रोजी. लंडनचे कॉव्हेंट गार्डन १९५२ मध्ये आणि न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन १९५६ मध्ये. ओनासिसच्या ‘क्रिस्टिना’ या नौकेवरील तो प्रसिद्ध प्रवास, ज्यात वृद्ध विन्स्टन चर्चिलही पाहुणा होता, १९५९ च्या उन्हाळ्यातला. त्या प्रवासानंतर कॅलासने रंगमंचावर किती नव्या भूमिका केल्या? एक. डिसेंबर १९६० मध्ये दोनिझेत्तीच्या ‘पोलिउतो’मधील पाओलिना. (१९६४ ची ‘कारमेन’ केवळ ध्वनिमुद्रणासाठी होती, ती तिने रंगमंचावर कधीच साकारली नाही.) बाकीचे सारे, ज्यामुळे ऑपेराचा इतिहास बदलला असे म्हटले जाते ते सारे, ओनासिसच्या आधीचे आहे.

४/
आवाजाचेही तेच. १९५४ मध्ये तिने व्हेर्दीच्या ‘ला फोर्त्सा देल देस्तिनो’चे ध्वनिमुद्रण केले. ते आजही सहज उपलब्ध आहे. वरच्या पट्टीतील दीर्घ स्वर स्थिर राहत नाही, हेलकावतो, हे त्यात कोणत्याही सावध कानाला जाणवते. ओनासिसची भेट होण्यास तेव्हा तीन वर्षे आणि त्याच्याशी संबंध जुळण्यास पाच वर्षे अवकाश होता. ज्या दुखण्याची खूण १९५४ मध्ये ऐकू येते, त्याचे कारण १९५९ मध्ये शोधणे हा कार्यकारणभावाचा सरळसरळ उलटा प्रवास आहे. १९६० ते १९६३ या काळात तिचे रंगमंचावरील प्रयोग फार मोजके झाले, हे खरे. त्यात ओनासिसच्या सहवासाचा वाटा नव्हता असे म्हणण्याचेही कारण नाही. परंतु थकलेल्या गळ्याने विश्रांतीचे निमित्त शोधणे वेगळे आणि धडधाकट गळा प्रेमाच्या वेदीवर वाहणे वेगळे. लोकप्रिय कथेला दुसरे हवे असते, कारण पहिल्यात नाट्य नाही.

५/
मग आवाज गेला कशाने? येथेही एकच गुन्हेगार पकडण्याची घाई दिसते. १९५३-५४ मध्ये तिने सुमारे ३६ किलो वजन घटवले. त्यासाठी तिने म्हणे मुद्दाम पट्टकृमी गिळला, ही अफवा अजून जिवंत आहे. वजनाबरोबर श्वासाचा आधार गेला, असा एक पक्ष. २०१० मध्ये फ्रांको फुस्सी आणि निको पाओलिल्लो या इटालियन संशोधकांनी तिची ध्वनिमुद्रणे अभ्यासून स्नायूंच्या एका विकाराकडे बोट दाखवले, हा दुसरा. आणि या दोहोंआधीची, सर्वांच्या डोळ्यांसमोर असलेली गोष्ट अशी की, विशीतच या मुलीने तुरांदोत, जोकोंदा, इझोल्ड, ब्र्युनहिल्ड, कुंड्री अशा भूमिका गायल्या होत्या. मोठ्या वाद्यवृंदाला भेदून जाणारा, परिपक्व वयातला गळा मागणाऱ्या या भूमिका. शंभर मैलांचा घाट पहिल्याच वर्षी पूर्ण भारानिशी चढवलेल्या गाडीचे यंत्र पुढे कुरकुरले, तर त्याचा दोष पुढच्या प्रवाशाला कोणी देत नाही.

६/
परंतु खरा अन्याय आवाजाच्या शवविच्छेदनात नाही. तो अथेन्सविषयीच्या मौनात आहे.

७/
कॅलासचा जन्म २ डिसेंबर १९२३ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. पेलोपोनेसमधील मेलिगालास हे गाव सोडून तिचे आईवडील त्याच वर्षी अमेरिकेत पोहोचले होते. मूळ आडनाव कालोयेरोपुलोस. अमेरिकन जिभेला ते पेलेना, म्हणून आखूड झाले. वडील औषधविक्रेते. १९३७ मध्ये आई दोन्ही मुलींना घेऊन अथेन्सला परतली, वडील न्यूयॉर्कलाच राहिले. पुढची आठ वर्षे, म्हणजे तेराव्या वर्षापासून एकविसाव्यापर्यंत, मारिया अथेन्समध्ये होती. गायक घडतो तो याच वयात. तरीही बहुतेक लोकप्रिय चरित्रे ही आठ वर्षे आई-मुलीच्या भांडणात उरकून टाकतात.

८/
अथेन्स कॉन्झर्व्हेटरीत तिला गुरू लाभली ती एल्व्हिरा दे इदाल्गो. ही स्पॅनिश गायिका एकेकाळी युरोप-अमेरिकेच्या रंगमंचांवर गाजलेली. तिचा आवाज हलका, चपळ, तानांच्या प्रांतातला. शिष्येचा आवाज जड आणि गडद. एखाद्या सामान्य शिक्षिकेने अशा आवाजाला लगेच व्हेर्दी-पुच्चिनीच्या वजनदार भूमिकांकडे वळवले असते. दे इदाल्गोने त्या जड आवाजालाच हलक्या आवाजाची कवायत लावली : सरगमींसारखे पलटे, मुरक्या, कंपित स्वर, आणि एकोणिसाव्या शतकारंभीच्या विस्मृतीत गेलेल्या ऑपेरांच्या संहिता. मारिया सकाळी वर्गात येई आणि संध्याकाळी जाई. आपला पाठ संपला तरी इतरांचे पाठ ऐकत बसे. दृष्टी इतकी अधू की रंगमंचावरून संचालकाचा हात दिसत नसे. म्हणून संपूर्ण संहिता, स्वतःच्याच नव्हे तर सर्वांच्या ओळींसह, पाठ करण्याची सवय तिला तेव्हाच जडली. पुढे जिला ‘दैवी देणगी’ म्हटले गेले, तिचा मोठा भाग असा तासांनी मोजता येतो.

९/
आणि हे कोणत्या अथेन्समध्ये? एप्रिल १९४१ मध्ये जर्मन फौजा शहरात शिरल्या. १९४१-४२ च्या हिवाळ्यात अथेन्स-पिरेअस परिसरात उपासमारीने हजारो माणसे मेली. रस्त्यातली प्रेते गाड्यांतून उचलली जात. याच काळात राष्ट्रीय ऑपेराची अगदी तरुण सभासद असलेली ही मुलगी ऑगस्ट १९४२ मध्ये ‘तोस्का’ गायली. वय १८. एप्रिल १९४४ मध्ये ‘टीफलांड’, हा जर्मन ऑपेरा. त्याच उन्हाळ्यात ॲक्रोपोलिसच्या पायथ्याच्या हेरोदेस ॲटिकसच्या प्राचीन नाट्यगृहात मानोलिस कालोमिरिसचा ‘ओ प्रोतोमास्तोरास’, हा काझान्त्झाकिसच्या नाटकावर आधारलेला ग्रीक ऑपेरा. आणि ऑगस्टमध्ये बेथोव्हेनचा ‘फिडेलिओ’. तुरुंगातून माणसाच्या सुटकेची ही कथा व्याप्त शहरात, व्यापणाऱ्या सैन्याच्या अधिकाऱ्यांसमोर सादर झाली. ऑक्टोबरात जर्मन गेले. डिसेंबरात अथेन्सच्या रस्त्यांवर ग्रीक ग्रीकांशीच लढू लागले.

१०/
ज्याला इतिहास म्हणावे असे प्रश्न येथे आहेत. व्याप्त देशात कलावंताने गावे की गप्प राहावे? राष्ट्रीय ऑपेराचा पगार आणि शिधा हेच जगण्याचे साधन असताना ‘सहकार्य’ कशाला म्हणायचे? मुक्तीनंतर तिच्या भोवतीच्या सहकाऱ्यांत जो रोष उफाळला, त्यात राजकारण किती आणि वीस वर्षांच्या मुलीला प्रमुख भूमिका मिळाल्याची असूया किती? ग्रीक संशोधक निकोस पेत्सालिस-दिओमिदिस याने केवळ या ग्रीक वर्षांवर जाडजूड ग्रंथ लिहिला आहे. तो २००१ पासून इंग्रजीतही उपलब्ध आहे. १९४५ मध्ये तिने ग्रीस सोडले तेव्हा तिच्या नावावर सात ऑपेरांचे पन्नासहून अधिक प्रयोग होते. एवढे असूनही तिची लोकप्रिय कहाणी इटलीत, एका श्रीमंत विटाभट्टीवाल्या पतीने तिला ‘घडवल्या’पासून सुरू होते.

११/
तो पती म्हणजे जोव्हान्नी बात्तिस्ता मेनेगिनी. वयाने २८ वर्षांनी मोठा, व्हेरोनाचा उद्योजक. त्याने पैसा आणि स्थैर्य दिले, हे मान्य केले पाहिजे. पण गाणे त्याने दिले नाही. व्हेरोनात १९४७ च्या ‘ला जोकोंदा’चा संचालक तुल्लिओ सेराफिन होता, आणि या वृद्ध संचालकाच्या कानाने ओळखले की हा आवाज एका खणात मावणारा नाही.

१२/
त्याची परीक्षा जानेवारी १९४९ मध्ये व्हेनिसला झाली. कॅलास तेथे वॅग्नरच्या ‘डी वाल्क्युरे’त ब्र्युनहिल्ड गात होती. त्याच नाट्यगृहात बेल्लिनीच्या ‘इ पुरितानी’ची नायिका गाणारी मार्गेरीता कारोसिओ तापाने आजारी पडली. सेराफिनने कॅलासला एल्व्हिराची भूमिका घ्यायला लावले. ती तिला येत नव्हती. ब्र्युनहिल्डचे प्रयोग चालू असतानाच ती तिने सुमारे आठवड्याभरात बसवली आणि १९ जानेवारीला गायली. भालाधारी युद्धकन्या आणि वेडाच्या भरात नाजूक तानांची लड उलगडणारी नवरी, एकाच गळ्यातून, एकाच पंधरवड्यात. ऑपेराच्या जगात याची तुलना लगेच सर्कसशी झाली. ते चूक होते, आणि का चूक होते हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१३/
रोस्सिनी, बेल्लिनी, दोनिझेत्ती यांच्या गायकीला ‘बेल कान्तो’, म्हणजे सुंदर गायन, असे नाव आहे. विसाव्या शतकापर्यंत यांचे बहुतेक गंभीर ऑपेरा विस्मरणात गेले होते. जे उरले ते पाखरासारख्या किलबिलणाऱ्या आवाजांच्या ताब्यात गेले. तान ही केवळ तयारी दाखवण्याची जागा झाली. तयारी मिरवणारी तान आणि शब्दाच्या अर्थाला धार लावणारी तान यांतले अंतर मराठी श्रोत्याला निराळे समजावून द्यावे लागत नाही. नाट्यसंगीताच्या बैठकीत तो वाद शंभर वर्षे चालू आहे. कॅलासने पहिली तान नाकारली आणि दुसरी पत्करली. तिच्या गळ्यातून लुचिया वेडी होते तेव्हा तानेचा प्रत्येक तुकडा हा तुटत चाललेल्या विचाराचा तुकडा असतो.

१४/
तिने हे नव्याने शोधले नाही. ते मूळचेच होते. जुदित्ता पास्ता नावाची गायिका पाहा. दोनिझेत्तीची ‘अन्ना बोलेना’ तिच्यासाठी लिहिली गेली, १८३०. बेल्लिनीची ‘ला सोन्नाम्बुला’ तिच्यासाठी, १८३१. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘नोर्मा’ही तिच्याचसाठी. पुढच्या शतकाने ‘हलकी’ ठरवलेली आमिना आणि ‘जड’ ठरवलेली नोर्मा मुळात एकाच गळ्याच्या होत्या, अवघ्या दहा महिन्यांच्या अंतराने. खण नंतर पाडले गेले. व्हेनिसमध्ये कॅलासने जे केले ती सर्कस नव्हती. जुन्या घराची मधली भिंत तिने पाडली, एवढेच.

१५/
आणि पाडतच गेली. १९५१ मध्ये फ्लोरेन्सला हायडनचा ऑर्फियसवरचा ऑपेरा, जो त्याच्या हयातीत कधी रंगमंचावर आलाच नव्हता. १९५२ मध्ये तेथेच रोस्सिनीची ‘आर्मिदा’. १९५३ मध्ये केरुबिनीची ‘मेदेआ’, आधी फ्लोरेन्स, मग लिओनार्ड बर्नस्टाइनच्या संचालनाखाली ला स्काला. १९५४ मध्ये स्पोन्तिनीची ‘ला व्हेस्ताले’, दिग्दर्शक लुकिनो विस्कोन्ती. १४ एप्रिल १९५७ रोजी पुन्हा विस्कोन्तीबरोबर ‘अन्ना बोलेना’. आज जगभरच्या ऑपेरागृहांत दोनिझेत्तीच्या राण्या नियमाने अवतरतात, त्यामागे ही एक संध्याकाळ आहे. आणखी एक तपशील. नोव्हेंबर १९५२ मध्ये लंडनला कॅलास नोर्मा गायली तेव्हा क्लोतिल्दा या दासीची छोटी भूमिका एक अनोळखी ऑस्ट्रेलियन मुलगी करत होती. तिचे नाव जोन सदरलंड. पुढच्या तीस वर्षांत बेल कान्तोचा झेंडा ज्यांच्या खांद्यावर राहिला, त्यांतील अग्रणी.

१६/
येथे भक्तमंडळींनाही दोन शब्द सुनावणे आवश्यक आहे. ‘कॅलासच्या आधी अंधार होता’ हे विधान प्रेमकथेइतकेच पोकळ आहे. रोझा पॉन्सेलने मेट्रोपॉलिटनमध्ये १९२७ मध्येच नोर्मा गाजवली होती, ‘ला व्हेस्ताले’ही तिने त्याआधी गायली होती. फ्लोरेन्सच्या महोत्सवात जुन्या संहिता उकरून काढण्याची परंपरा कॅलास येण्यापूर्वीची. सेराफिन, व्हित्तोरिओ गुई, जानान्द्रेआ गाव्हाझेनी या संचालकांवाचून यातील एकही पुनरुज्जीवन शक्य नव्हते. शिवाय त्या प्रयोगांत संहितेला लावलेली बेसुमार कात्री आज कोणी सहन करणार नाही. कॅलासचे मोठेपण एका चालत आलेल्या प्रयत्नाला शरीर आणि आवाज देण्यात आहे. तेवढे पुरेसे आहे. चमत्काराची गरज नाही.

१७/
आता ‘तापट’ कॅलास. हा आरोप तीन प्रसंगांच्या आधारे उभा आहे, आणि तिन्ही प्रसंग तपासून पाहण्यासारखे आहेत. पहिला, एडिंबरा, १९५७. ला स्कालाच्या दौऱ्यात ती ‘ला सोन्नाम्बुला’च्या चार प्रयोगांसाठी करारबद्ध होती. चार ती गायली. पाचवा ला स्कालाने नंतर वाढवला. तो तिच्या करारात नव्हता, तब्येतही ठीक नव्हती. ती निघून गेली. पाचव्या प्रयोगात २३ वर्षांच्या रेनाता स्कोत्तोला संधी मिळाली आणि तिचे नशीब उघडले. वृत्तपत्रांनी मात्र ‘कॅलासचा पळ’ असे छापले, आणि ला स्कालाच्या व्यवस्थापनाने खुलासा करण्याची तत्परता दाखवली नाही. ती तेथून व्हेनिसला एका मेजवानीस गेली, ही तिची चूक म्हणता येईल. (ओनासिसची पहिली भेट त्याच मेजवानीतली. चरित्रकारांना योगायोग आवडतात.)

१८/
दुसरा प्रसंग, रोम, २ जानेवारी १९५८. ‘नोर्मा’. प्रेक्षकांत इटलीचे राष्ट्राध्यक्ष जोव्हान्नी ग्रोंकी. पहिल्या अंकानंतर आजारी कॅलास पुढे गाऊ शकली नाही. ऑपेरागृहाने बदली गायिका तयार ठेवली नव्हती, म्हणून प्रयोग बंद पडला. दुसऱ्या दिवशी तिच्यावर राष्ट्राचा अवमान केल्याचा गहजब झाला. तिने ऑपेरागृहाविरुद्ध दावा लावला. तो वर्षानुवर्षे रेंगाळला आणि अखेर निकाल तिच्या बाजूने लागला. रोमच्या त्या रात्रीची हकिगत शेकडो पानांवर सापडते. निकालाचा उल्लेख शोधावा लागतो.

१९/
तिसरा प्रसंग सर्वांत बोलका. मेट्रोपॉलिटनचा प्रमुख रुडॉल्फ बिंग याला ती एकाच हंगामात ‘मॅकबेथ’ आणि ‘ला त्राव्हियाता’ आलटून-पालटून गायला हवी होती. तिने नकार दिला : लेडी मॅकबेथच्या कठोर पट्टीतून व्हिओलेत्ताच्या नाजूकपणाकडे असे काही दिवसांत ये-जा करणे गळ्याला घातक आहे. बिंगने ६ नोव्हेंबर १९५८ रोजी करार रद्द केल्याचे जाहीर केले. त्याच रात्री ती डॅलसमध्ये अलेक्सिस मिनोतिस या ग्रीक दिग्दर्शकाच्या रंगावृत्तीत ‘मेदेआ’ गायली. व्हेनिसमध्ये २५ व्या वर्षी ब्र्युनहिल्ड आणि एल्व्हिरा आलटून-पालटून पेलणारी हीच ती गायिका. ३४ व्या वर्षी तिने स्वतःच्या गळ्याची मर्यादा ओळखून नाही म्हटले, आणि त्याला नखरे म्हटले गेले. तोस्कानिनी तालमीत छड्या मोडत असे, वादकांवर ओरडत असे. त्याच्या चरित्रात ती पाने ‘परिपूर्णतेचा ध्यास’ या मथळ्याखाली येतात.

२०/
‘डिव्हा’ या शब्दाची घसरणही याच काळातली आहे, असे म्हणायला जागा आहे. इटालियन ‘दिवा’ म्हणजे देवी. संस्कृत ‘देव’-‘देवी’ ज्या मुळातून आले, त्याच मुळाचा शब्द. नोर्माच्या प्रार्थनेतील ‘कास्ता दिवा’ म्हणजे पवित्र देवी, चंद्रदेवता. आज हा शब्द हट्टी, नखरेल स्त्रीसाठी वापरला जातो, आणि उदाहरण म्हणून कॅलासचे छायाचित्र जोडले जाते.

२१/
ही प्रतिमा घडवली कोणी? मेट्रोपॉलिटनमधील पदार्पणाच्या दिवशीचीच, २९ ऑक्टोबर १९५६ ची तारीख असलेल्या ‘टाइम’ साप्ताहिकाने तिला मुखपृष्ठावर झळकवले आणि आत आईशी झालेल्या भांडणाची खाजगी पत्रे उलगडली. १९६० मध्ये आईने मुलीवर पुस्तक काढले. मुलगी वारल्यावर मेनेगिनीने आपले पुस्तक काढले, मग बहिणीने आपले. रेनाता तेबाल्दीशी असलेले ‘वैर’ वर्षानुवर्षे वृत्तपत्रांचा खप वाढवत राहिले. १९६८ मध्ये दोघी मेट्रोपॉलिटनच्या रंगमंचामागे एकमेकींना मिठी मारून भेटल्या, ही बातमी तितकी विकली गेली नाही. ज्यांना तिच्याविषयी बोलून काही मिळणार होते, त्यांचे साक्षीपुरावे चरित्रांचा पाया झाले. ज्या संहितांवर आणि ज्या तालमींत तिचे दिवस गेले, त्या परिशिष्टात.

२२/
ग्रीसही यातून सुटत नाही. ऑगस्ट १९५७ मध्ये अथेन्स महोत्सवासाठी ती परतली तेव्हा तिच्या मानधनावरून केवढा गदारोळ झाला. पुढे १९६० मध्ये एपिदाव्रोसच्या प्राचीन रंगमंदिरात ‘नोर्मा’ आणि १९६१ मध्ये ‘मेदेआ’ गायल्यावर ती राष्ट्राची कन्या झाली. १९७९ मध्ये तिच्या अस्थी एजियन समुद्रात विसर्जित झाल्या. २०२३ मध्ये, जन्मशताब्दीला, अथेन्समध्ये तिचे संग्रहालय उघडले. हे सारे योग्यच. परंतु अभिमानाच्या या कथेतही उपासमारीचा तो हिवाळा आणि १९४४ चा तो ‘फिडेलिओ’ कोपऱ्यातच राहतो, कारण त्याविषयी बोलायचे तर केवळ कॅलासविषयी बोलून भागत नाही.

२३/
१९६५ च्या जुलैत कॉव्हेंट गार्डनमध्ये ‘तोस्का’ गाऊन तिने ऑपेरा सोडला. लोकप्रिय कथेत यापुढे बारा वर्षांचा अंधार आहे. प्रत्यक्षात १९६९ मध्ये पाझोलिनीचा ‘मेदेआ’ आहे, ज्यात ती मुळीच गात नाही. १९७१-७२ मध्ये न्यूयॉर्कच्या जुलियार्डमधील २३ वर्ग आहेत, निवडलेल्या २५ विद्यार्थ्यांसाठी. त्यांत ती स्वर लावून दाखवते, शब्द उच्चारून दाखवते, एका श्वासाच्या जागेवर अर्धा तास घालवते. १९७३ मध्ये तोरीनोच्या नव्याने उघडलेल्या ऑपेरागृहात जुझेप्पे दि स्तेफानोबरोबर केलेले दिग्दर्शन आहे. आणि त्यानंतर दि स्तेफानोबरोबरचा जगभरचा दौरा, नोव्हेंबर १९७४ मध्ये जपानच्या साप्पोरोत संपलेला. तो दौरा ऐकवत नाही, हेही लिहिलेच पाहिजे. भग्न झालेला आवाज भग्न होता. तिच्यावरील अन्याय दूर करण्यासाठी त्याला सुंदर म्हणण्याची आवश्यकता नाही.

२४/
कोठून ऐकावे, असा प्रश्न येईलच. १९५३ ची दे साबाताच्या संचालनाखालची ‘तोस्का’ सर्वांना ठाऊक आहे, आणि कीर्तीला साजेशीच आहे. १९५५ ची बर्लिनची ‘लुचिया’, संचालक कारायान. १९५७ ची ‘अन्ना बोलेना’. १९५८ ची लिस्बनची ‘त्राव्हियाता’, जिच्यात आवाजातील प्रत्येक चीर ऐकू येते आणि तरीही ती काही श्रोत्यांना सर्वश्रेष्ठ वाटते.

२५/
याखेरीज एक ध्वनिफीत आहे, जी मैफलीची नव्हे. नोव्हेंबर १९५७, डॅलस. दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाची वाद्यवृंदासह तालीम. संचालक निकोला रेशिन्यो. टाळ्या नाहीत, प्रेक्षक नाहीत. मोत्झार्ट, बेल्लिनी, व्हेर्दी, मग ‘अन्ना बोलेना’चा अखेरचा प्रवेश. कोठे अर्ध्या आवाजात, कोठे एकदम पूर्ण. मध्येच थांबते, लयीविषयी काही सांगते, वाद्ये पुन्हा मागच्या जागेवर जातात, आणि ती तीच ओळ परत घेते.